तास

कारखान्यात तास म्हणजे साठ मिनिटं.
अक्कलकोट रोडवर, टॉवेलच्या डाइंगमध्ये
अकरा वर्षं मी रंग जुळवला:
परदेशातून आलेल्या चिंधीएवढ्या तुकड्याशी
आमचा निळा तंतोतंत.
भोंगा झाला की आठ तास संपायचे
आणि नखांतला निळा घेऊन मी घरी जायचे.
आई गटारीकडे बघून सांगायची,
आज मरून चाललाय, आज पोपटी.
कौतुकानं सांगायची.

इथं, मंगळवेढ्याच्या पुढं,
तास म्हणजे तिफणीनं ओढलेली रेघ.
पहिल्या दिवशी भीमण्णा म्हणाला,
"सा तास झालं की पाणी पी बाई."
मी घड्याळ बघितलं.
तो इतका हसला की बैल थांबले.

आमच्या घराण्यात जमीन नव्हतीच, माग होता.
विकत घ्यायला गेले तर तलाठी म्हणाले,
शेतकरी असल्याचा पुरावा आणा.
शेतीच्या आधी शेतकरी कसं असायचं
ते त्यांनाही सांगता येईना.
म्हणून शिवगंगाबाईंची चार एकर, खंडानं.
त्यांची एकच अट:
बांधावरची बोर तोडायची नाही.

फॉर्मवर लिहिलं होतं, रूपांतर काळ, तीन वर्षं.
शेवटचं रसायन कधी वापरलं?
मी जमिनीचं उत्तर लिहिलं.
माझं लिहायला रकाना नव्हता.

पहिल्या वर्षी ज्वारी झाली नऊ पोती.
गावानं पोती मोजली, मी गांडुळं.
फूटभर खड्ड्यात दोन.
त्यातलं एक बहुतेक अर्धंच होतं,
कुदळ माझीच.

काळी जमीन थंडीत भेगाळते
आणि भेगेत मुळं तुटतात.
एक कोळपणी, अर्धं पाणी, असं इथं म्हणतात.
मागावर धागा तुटला तर वडील चुटकीत सांधायचे,
बोलता बोलता, न बघता.
मूळ नाही सांधता येत.
आधीच जाऊन भेग बुजवावी लागते.
हे समजायला मला एक हंगाम लागला,
हाताला समजायला दोन.

तिसऱ्या वर्षी ज्वारी डोक्याच्या वर गेली.
मार्गशीर्षातली सकाळ,
भीमण्णाच्या हरभऱ्यावर फवारणी चालू,
आणि वारं फिरलं.
मला दिसलं काहीच नाही. वास आला.
नाक ही माझी अकरा वर्षांची कमाई,
तिला पेन्शन नाही.

बांधाकडचे सहा तास.

भीमण्णा पंप खाली ठेवून उभा राहिला.
"दव पडंल, धुऊन जाईल.
कुणाला कळतंय?"
तो वाईट माणूस नाही.
माझं कोळपं त्यानंच दोनदा भरून दिलंय.
मी म्हणाले, बघू.
आणि पंधरा दिवस बघतच राहिले,
ताटात, छतात, बोरीच्या काट्यांत.

तपासनीस आला माघात. कोवळा पोरगा,
बुटांना काळी माती चिकटून हैराण.
वही चाळली, ढीग हुंगला,
पेनाचं टोपण काढलं.
मी म्हणाले,
बांधाकडचे सहा तास सोडून.
"किती तास?" तो म्हणाला,
आणि त्यानं घड्याळ बघितलं.

मी हसले नाही.
हात धरून नेलं आणि दाखवलं.

ते सहा तास पुन्हा पहिल्या वर्षात गेले.
काढणीला भीमण्णा न बोलावता आला,
तेवढेच सहा त्यानं एकट्यानं उपटले,
पेंढ्या वेगळ्या लावल्या, वर एक दगड ठेवला
खुणेचा.
जाताना म्हणाला, पुढल्या साली
बांधाकडं तूर लावतो मी, आडोसा हुईल.
तूरही तो फवारणारच. पण आडोसा म्हणाला.

फॉर्मवर सही केली: राजेश्वरी येमूल.
बोटांवर आता मातीच दिसते.
अंगठ्याच्या कडेला तेवढी एक निळी रेघ आहे,
आई म्हणते ती शीर आहे.
असेल.